इकडील सर्व कुशल



गेल्या महिन्याभरात तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी मला एकच प्रश्न विचारला. लेक नाहीतर सून परदेशी चालली आहे, तिथं खाण्यापिण्याचे नेम कसे सांभाळायचे? पाणी गाळून घेणं जमेल का, सूर्यास्ताच्या आत जेवण कसं होणार, दुकानातल्या पावात अंडं आहे की नाही हे कसं ओळखायचं? आमच्या घरीही सध्या हेच चाललंय. अकोल्याच्या माझ्या भावाची लेक लग्न होऊन न्यू जर्सीला चालली आहे. वहिनी दर दोन दिवसांनी इकडे अमरावतीला फोन करते आणि मुगवड्या किती, मेतकूट किती, भाजणी किती, याचा हिशेब मांडते.

नेमांबद्दल मी आधी लिहिलं आहे, पुन्हाही लिहीन. आज मात्र पोरीच्या बॅगेत न मावणाऱ्या एका गोष्टीबद्दल लिहायचं आहे, ती म्हणजे पत्र. सुमारे १४० वर्षांपूर्वी एक मराठी मुलगी याच न्यू जर्सीत जाऊन राहिली होती. तिथं ती काय जेवली, काय नेसली, कशानं आजारी पडली, नवऱ्याला काय म्हणाली, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः तिच्या पत्रांमुळे. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. पहिली हिंदू स्त्री डॉक्टर म्हणून शाळेच्या पुस्तकात तिचा धडा आपण वाचलेला असतो. पण धड्यात डॉक्टर भेटते, घरातली आनंदी भेटत नाही. ती भेटते पत्रांत.

तिची गोष्टच मुळी टपालानं सुरू होते. आनंदीचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, वयानं बराच मोठा, बिजवर, आणि नोकरी पोस्टात. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं तिच्या मनानं घेतलं त्याच्या मुळाशी हे दुःख होतं. गोपाळरावांना बायकोला शिकवायचा ध्यास होता. कोल्हापूरला असताना त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला त्याबद्दल पत्र लिहिलं. ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथं पडलेलं मासिक त्यांनी चाळलं, त्यात हे पत्र वाचलं आणि घरी येऊन आनंदीला पत्र लिहायला घेतलं.

विचार करा, ओळख ना पाळख. ही मुलेबाळे असलेली घरगृहस्थीची बाई आणि ती पंधरा वर्षांची मराठी मुलगी. मध्ये दोन समुद्र. पत्र जायला महिना-दीड महिना, उत्तर यायला तेवढाच. तरी तीन वर्षं त्या दोघी एकमेकींना लिहीत राहिल्या. आमच्याकडे लग्नं कशी होतात, तुमच्याकडे कशी, आम्ही काय जेवतो, तुम्ही काय जेवता, असं सगळं. आनंदी त्यांना मावशी म्हणायला लागली. तिची प्रकृती बरी नाही असं कळल्यावर मावशींनी अमेरिकेहून औषधं पाठवली. अजून दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

आपल्या वऱ्हाडाला अमेरिका त्याआधीच ठाऊक झाली होती, पण ती कापसामुळे. १८६१ ते १८६५ तिकडे यादवी युद्ध पेटलं, अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगाव, अकोला, अमरावतीचे बाजार तेव्हा फुगले. पाठोपाठ रेल्वे आली. मुंबईहून अकोला, बडनेरा करत ती १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्याच गाडीतून टपालाच्या थैल्या येऊ लागल्या. १८५४ मध्ये अर्ध्या आण्याचं तिकीट निघालं होतं. १८७९ मध्ये पाव आण्याचं, म्हणजे एका पैशाचं पोस्टकार्ड निघालं, आणि मग सासरी गेलेल्या लेकीची खुशाली गरीब घरालाही परवडू लागली. कापसाचे भाव किती चढले, किती उतरले हे पुस्तकांतून मिळतं. पण त्या वर्षांत अकोल्याच्या एखाद्या घरातली सून काय सोसत होती, ते कुठल्या पुस्तकात शोधणार? ती लिहिती असती तरच कळलं असतं.

आनंदी लिहिती होती. १८८३ च्या फेब्रुवारीत तिनं श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, भरसभेत सांगितलं की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. नवरा सोबत नव्हता. मिशनरी बायकांच्या सोबतीनं जवळजवळ दोन महिने प्रवास करून ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली. कार्पेंटर मावशी धक्क्यावर न्यायला आल्या होत्या. पुढचे महिने ती रोझेलला त्यांच्याच घरी राहिली. तिथूनच फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजला तिनं अर्जाचं पत्र लिहिलं. फीपुरते पैसे नाहीत हेही त्यात लिहिलं आणि हे शिक्षण आपल्याला कशासाठी हवं आहे तेही लिहिलं. कॉलेजनं तिला घेतलं.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. खाणं. फिलाडेल्फियात ती शाकाहारीच राहिली. मुलखाचं हवामान असं की घरात जाळ लागतोच. तिला राहायला मिळालेल्या खोलीतली शेकोटीची जागा नीट नव्हती, धूर वर जायच्या ऐवजी खोलीत कोंडायचा. म्हणजे धूर सोसा नाहीतर थंडी सोसा. दिवसभर कॉलेज करून आल्यावर रॉकेलच्या स्टोव्हवर स्वतःचं स्वतः रांधायचं. ताप आणि खोकला मागे लागला. शेवटी कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी तिला स्वतःच्या घरी राहायला नेलं. नेसण्याचंही तसंच. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी हाडात शिरते, म्हणून ती गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागली. बदल एवढाच, साडी सोडली नाही. तिची १८८५ सालची एक तसबीर प्रसिद्ध आहे. शेजारी एक जपानी आणि एक सिरियाची विद्यार्थिनी आहे, तिघीही आपापल्या देशाच्या वेषात.

तिच्यानंतर दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला आपल्या धर्माचे प्रतिनिधी म्हणून वीरचंद राघवजी गांधी गेले. निमंत्रण आलं होतं आचार्य आत्मारामजी महाराजांना, तेही पत्रानंच. मुनींना बोटीनं जाणं शक्य नव्हतं, म्हणून महाराजांनी वीरचंदभाईंना तयार करून पाठवलं. तेही तिथं शाकाहारी राहिले. तेव्हा नेमांबद्दल माझं भाचीला एवढंच सांगणं आहे की बाई गं, धुराच्या खोलीत राहून लोकांनी केलं, तुला तर न्यू जर्सीत आपली मंदिरं आहेत आणि दुकानात मूगडाळ आहे. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा जेवणाची वेळ कशी बसवायची ते तुझं तू ठरव. जेवढं पाळता येईल तेवढंच नेम म्हणून घे.

पण हे सोपं झालं. मला जे सांगायचं आहे ते पुढे आहे.

आनंदीला अमेरिकेत पाठवणारे गोपाळराव तिला पत्रं लिहायचे ती नेहमी गोड नसायची. संशय असायचा, टोमणे असायचे. ती एकटी, आजारी, परक्या भाषेत डॉक्टरी शिकतेय आणि टपालानं हे येतंय. एका पत्रात तिनं त्यांना उत्तर दिलं आहे. तुम्ही माझ्याशी वागलात ते चांगलं की वाईट, हे ठरवणं अवघड आहे, असं तिचं म्हणणं. हेतू बघितला तर बरोबर होतं, पण एका लहान पोरीच्या मनाचा विचार केला तर चूक होतं. आणि मग तिनं एकेक गोष्ट वयासकट मांडली आहे. दहाव्या वर्षी लाकडानं मारलंत. बाराव्या वर्षी खुर्च्या नि पुस्तकं फेकलीत, सोडून जाईन म्हणून धमकावलंत. हिंदू बाईला नवऱ्यापुढे तोंड उघडायची सोय नसते, म्हणून मी ते मुकाट्यानं सोसलं, हेही तिनं लिहिलं आहे. शिव्याशाप एकही नाही, त्यांचे उपकारही ती नाकारत नाही.

मैत्रिणींनो, हे ती कल्याणच्या किंवा अलिबागच्या घरात, पोळ्या लाटता लाटता बोलू शकली असती का? समोर माणूस उभा असला की आपला शब्द अर्ध्यात तुटतो. त्याचा चेहरा बदलला की आपण गप्प बसतो. पत्रात मध्ये बोलणारं कोणी नसतं. वाक्य पूर्ण होतं.

पण त्यासाठी पत्र बंद लागतं. माझ्या मोठ्या आत्याचं उदाहरण देते. ती अकोल्याची लेक, अमरावतीला दिली. शंभर किलोमीटरच्या आतलंच अंतर, पण तेव्हा लेक वर्षातून एकदा माहेरी यायची. महिन्याला एक पोस्टकार्ड यायचं. कार्ड लिहायची आत्या, टाकायचे तिचे सासरे, आणि टाकण्याआधी ते वाचायचे. त्यामुळे प्रत्येक कार्डावर तेच: तीर्थस्वरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व कुशल, तिकडील कुशल कळवावे. आमची आजी जेमतेम दुसरी शिकलेली, पण तिला जग कळत होतं. लग्नाआधीच तिनं लेकीला बजावलं होतं. शेवटी 'कळावे, लोभ असावा ही विनंती' असं असेल तर मी समजेन की बरं चाललंय. पण 'लोभ असावा' नसेल, नुसतं 'कळावे' असेल, तर तुझ्या बाबांना पाठवीन.

तिसऱ्या वर्षी तसं कार्ड आलं. वर 'सर्व कुशल' आणि खाली नुसतं 'कळावे'. आजोबा त्याच संध्याकाळी पॅसेंजरनं निघाले. आत्याला दिवस गेलेले होते, तीन आठवडे अंगात ताप होता आणि त्यातच घरचं धुणं, दळण, सगळं चालू होतं. आजोबांनी भांडण केलं नाही. बाळंतपणाला आधी नेतो म्हणाले आणि घेऊन आले. माझा आतेभाऊ अकोल्याला जन्मला. ते कार्ड आजीनं जपलं होतं, आता माझ्या कपाटात आहे.

पुढे आत्या परत गेली, नांदली. सासूबाईंची शेवटची सहा वर्षं अंथरुणातच गेली, ती आत्यानंच काढली. मी तिला एकदा विचारलं होतं, तुम्ही क्षमा केलीत का त्यांना? ती म्हणाली, "केली तर. दरवर्षी केली. पण घडलंच नाही असं खोटं कशाला बोलू?"

या बोलण्यावर मी खूप विचार केला आहे. दशलक्षणात पहिल्या दिवशी उत्तम क्षमा येते आणि तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव. आर्जव म्हणजे सरळपणा, मनात असेल तेच वाणीत. आपण क्षमा घट्ट धरतो आणि आर्जव विसरतो. आलोचनेत आपण आपले दोष मांडतो, दुसऱ्याचे नाही, हे मला माहीत आहे. पण तिथली शिस्त बघा: जसं घडलं तसं सांगायचं, वाढवायचं नाही, लपवायचं नाही. आनंदीच्या त्या पत्रात मला हीच शिस्त दिसते. ती आपल्या धर्माची नव्हती. तरी क्षमावाणीच्या दिवशी मला तिची आठवण येते.

आपल्याकडे क्षमेचा आणि पत्राचा संबंध जुना आहे. श्वेतांबर संघ आचार्यांना विज्ञप्तिपत्रं पाठवायचे, हातभर नव्हे, कित्येक हात लांब गुंडाळ्या, त्यात गावाची चित्रं, चातुर्मासाची विनंती आणि वर्षभराच्या चुकांबद्दल क्षमायाचना. १६१० मध्ये आग्र्याहून गेलेलं असं एक पत्र जहांगीर बादशहाच्या चित्रकारानं, उस्ताद शालिवाहनानं, रंगवलेलं आहे. आता आपण काय करतो? हात जोडलेलं एक चित्र दोनशे जणांना एका बोटानं पाठवतो. ज्या जावेशी वर्षभर बोललो नाही तिलाही तेच आणि दूधवाल्यालाही तेच.

आणि सासरी गेलेल्या लेकींचं काय? वहिनी म्हणते, आता काय काळजी, रोज व्हिडिओ कॉल होईल, तोंड दिसेल. मी तिला म्हटलं, तोंड दिसेल हे खरं, पण त्या कॉलमध्ये मागे जावई बसलेले असतील, इकडे तू, दादा, शेजारची काकू, सगळे डोकावतील. फोन स्पीकरवर. हे आत्याचं पोस्टकार्डच झालं, सगळ्यांनी वाचायचं. त्यावर पोर काय म्हणणार? इकडील सर्व कुशल. जावई भला मुलगा आहे, माझी काही तक्रार नाही. पण भल्या घरातही ताप येतो, एकटेपण येतं, आणि थंडीच्या दिवसांत साडेचारला अंधार पडल्यावर मन खाली जातं.

म्हणून मी भाचीला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, महिन्याला एक पत्र मला लिही. कागदावर लिही नाहीतर मेलवर लिही, पण एकटी बसून लिही आणि मी ते कुणाला दाखवणार नाही. त्यात मोठं काही नको. आज काय रांधलं, पाणी कसं गाळलं, दूध कुठून आणलं, किती वाजता झोपलीस, रडू आलं का. चुलीचं लिहिलं की धुराचं आपोआप लिहिलं जातं. दुसरी, तिकडे एक कार्पेंटर मावशी शोध. आपल्या समाजातलीच असली पाहिजे असं नाही. आनंदीची मावशी ख्रिस्ती होती. आनंदीनं तिच्या घरी राहूनही आपलं खाणं, आपला धर्म सोडला नाही, आणि मावशींचा जीव तुटायचा तोही राहिला नाही.

त्या मावशींचं शेवटचं सांगते. आनंदी ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. गोपाळराव त्याआधीच अमेरिकेत येऊन पोचले होते. कोल्हापूरच्या दवाखान्यातल्या बायकांच्या विभागाचं काम तिला मिळालं होतं. पण क्षयानं ती पोखरली होती. मायदेशी येऊन थोडे महिनेच झाले आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला ती पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी नव्हती. तिची रक्षा अमेरिकेला मावशींकडे पाठवली गेली, आणि त्यांनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. तिथं तिच्या नावाची शिळा आहे. पत्रंही राहिली. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल या बाईंनी तिचं इंग्रजी चरित्र काढलं, आणि मराठीत काशीबाई कानिटकरांनी. दोन्ही चरित्रं बायकांनी लिहिली आणि दोन्हींना आधार तिच्या पत्रांचा.

आपण वऱ्हाडातल्या बायकांनी कागद जपण्याचं मोल ओळखलं पाहिजे. कारंज्याच्या मंदिरांतल्या हस्तलिखितांचे गठ्ठे पिढ्यान्‌पिढ्या कापडी बासनात राहिले, म्हणून डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांना त्यातले ग्रंथ छापता आले. षट्खंडागमाचा पहिला भाग धवला टीकेसह १९३९ मध्ये आपल्या अमरावतीहून निघाला. श्रुतपंचमीला आपण शास्त्रं उन्हं-वारा दाखवून नव्या वेष्टनात बांधतो. त्याच दिवशी घरातली पत्रंही काढा. आजीची पोस्टकार्डं, आईची निळी अंतर्देशीय पत्रं, जे असेल ते. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, घाम धरतो. सुती धुतलेलं कापड, कडुलिंबाची वाळलेली पानं, आणि वर कागदावर कोणाचं कोणाला, साधारण कुठल्या वर्षाचं, एवढं लिहून ठेवा. रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा शेवटची ओळ वाचा.

तुमच्याकडे अशी पत्रं असतील तर मला जरूर कळवा. आतलं सांगायचं नसेल तर नका सांगू, नुसतं आहेत एवढं कळवा. आणि या क्षमावाणीला एक तरी पत्र हातानं लिहा, जिला लिहायचं राहून गेलंय तिला.

कळावे, लोभ असावा ही विनंती.